वाळलेल्या फांदीवरची पानं गळतात की लटकून राहतात?

बॉक्सवूडच्या दाट, गोल छाटलेल्या झुडपात एखादीच फांदी तपकिरी पडली की पहिला संशय पाण्यावर जातो. मग नळी सोडली जाते, वर मूठभर खतही पडतं. पण पाणीच कमी पडलं असतं, तर बहुधा सगळं झुडूप मलूल झालं असतं. म्हणून आधी ती फांदी बोटांत धरून हलकेच हलवून बघा. पानं टपटप गळतात, की वाळूनही देठाला घट्ट धरून राहतात? निम्मं निदान इथेच होतं.

पान गळणं म्हणजे पान मरणं, असा आपला समज असतो. तो चूक आहे. वाऱ्याने मोडून लोंबणारी फांदी आठवा. तिच्यावरची पानं कुरकुरीत होतात, पण आठवडे उलटले तरी गळत नाहीत. कारण पान गाळणं हे जिवंत पेशींचं काम आहे. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ पट्टा असतो. पान धडधाकट असेपर्यंत त्यातून ऑक्झिन हे संप्रेरक देठाकडे झिरपत राहतं आणि त्यामुळे हा पट्टा शांत राहतो. पान आजारी पडलं की ऑक्झिन आटतं, इथिलीन हे पान गाळायला लावणारं संप्रेरक वाढतं आणि पट्ट्यातल्या पेशी विकरं सोडू लागतात. शेजारशेजारच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन विरघळतं आणि पान स्वतःच्याच वजनाने सुटतं. खोडाच्या बाजूला बुचासारखा थर तयार होऊन जखम बंदही होते. या सगळ्याला ऊर्जा लागते, प्रथिनं बनवावी लागतात. फांदीच मेली असेल तर हे करणार कोण? पान तिथेच अडकून राहतं. मला ही गोष्ट विलक्षण सुंदर वाटते: गळालेलं पान सांगतं, की ते सुटलं तेव्हा फांदीत जीव होता.

आता हेच बॉक्सवूडला लावून बघू. पानं लटकलेली असतील तर दोष पानात नाही, खाली फांदीत आहे. नखाने किंवा चाकूच्या टोकाने साल जराशी खरवडा आणि तपकिरी भागाकडून बुंध्याकडे सरकत जा. कोरड्या, तपकिरी लाकडाच्या जागी ओलसर हिरवा थर लागला, की सीमा सापडली. या सीमेजवळ बहुतेकदा कारणही सापडतं: कडाक्याच्या थंडीने चिरलेली साल, मोडल्याची जखम किंवा बुरशी. व्होल्युटेला ही बुरशी दुबळ्या, जखमी फांद्यांवर बसते. अशा फांदीची पानं गवती पिवळी पडतात आणि दमट हवेत त्यांच्या खालच्या बाजूला गुलाबीसर ठिपके दिसतात. भिंगातून ते बीजाणूंचे चिकट ढीग आहेत हे कळतं. साल सोलल्यावर खाली काळा पट्टा दिसला, तर कोलेटोट्रिकम या दुसऱ्या बुरशीचा संशय घ्यावा.

यात वेळेचीही फसगत आहे. बॉक्सवूडचं पान जाड आणि मेणचट असल्याने पाणीपुरवठा तुटला तरी ते बरेच दिवस हिरवं दिसतं. हिवाळ्यातली इजा कधी कधी वसंतात उघडी पडते, म्हणून आजच्या तपकिरी रंगाचं कारण कालच्या पाण्यात शोधू नये.

पानं झपाट्याने गळत असतील, त्यांवर गडद डाग असतील आणि हिरव्या कोवळ्या काड्यांवर काळ्या उभ्या रेघा असतील, तर प्रकरण वेगळं आहे. हा कॅलोनेक्ट्रिया या बुरशीचा करपा. 1990च्या दशकात ब्रिटनमध्ये तो प्रथम आढळला आणि 2011 मध्ये अमेरिकेत. इथे हल्ला आधी पानावर होतो, फांदी जिवंत असते, म्हणूनच ती पानं टाकू शकते. याचे बीजाणू चिकट असतात. ते वाऱ्यापेक्षा पाण्याच्या शिंतोड्यांनी, कात्रीने आणि कपड्यांना चिकटून पसरतात. गळालेल्या पानांत ही बुरशी वर्षानुवर्षं टिकते, म्हणून ती पानं वेचून पिशवीत बंद करून टाकावीत, कंपोस्टमध्ये मुळीच नाहीत.

दालचिनीची पूड, दूध, खाण्याचा सोडा असे उपाय समाजमाध्यमांवर खात्रीने सांगितले जातात. मेलेलं लाकूड यातल्या कशानेही जिवंत होत नाही आणि सोड्याने पानं भाजू शकतात. बुरशीनाशकसुद्धा मुख्यतः निरोगी पानांचं रक्षण करतं, सुकलेल्या फांदीला ते काहीच देत नाही.

खरं काम कात्रीचं आहे. कोरड्या दिवशी, हिरव्या थराच्या सीमेखाली काही सेंटिमीटर उतरून, बाजूच्या फांदीपाशी काप घ्या. प्रत्येक झुडपानंतर पाती 70 टक्के अल्कोहोलने पुसा. त्याच वेळी आतल्या काही निरोगी फांद्याही काढा. सतत गोल छाटल्याने पानांचं बाहेरचं कवच इतकं दाट होतं, की आतली पानं पावसानंतर तासन्‌तास ओली राहतात, आणि बीजाणूंना रुजायला नेमकी तीच ओल हवी असते. अशा मोकळ्या जागेतून उजेड आत पोचला, की जुन्या लाकडावरही नवे हिरवे कोंब फुटतात. एरवी तिथे फक्त उघड्या काड्या असतात.