पार्श्वभूमी : पोकेमॉनची लढाई आणि लढाईनंतर उरणारे विष

पोकेमॉन या व्हिडिओ गेममध्ये खेळाडू पोकेमॉन नावाचे प्राणी पकडून त्यांना लढवतो. पोकेमॉन लढाईत मरत नाही, एचपी (जीवशक्तीचा आकडा) शून्यावर आला की बेशुद्ध पडतो. 1996 मध्ये गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावर आलेल्या पहिल्या खेळांपासून हेच चालत आले आहे. पोकेमॉन सेंटर या दवाखान्यात उपचार फुकट, वाटेत रिव्हाइव्ह हे औषध दिले तर निम्मा एचपी परत. सगळा संघ पडला तर भुर्दंड खेळाडूला : पहिल्या खेळांत निम्मे पैसे जात. ही शिक्षा 1986 च्या ड्रॅगन क्वेस्ट या खेळातही होती. उलट 1997 च्या डिजिमॉन या खिशात मावणाऱ्या आभासी प्राण्याच्या यंत्रात जखमेवर उपचार केले नाहीत तर प्राणी मरायचा आणि नव्या अंड्यापासून सुरुवात करावी लागायची.

खरा वाद झाला तो विषाचा. लढाई संपली तरी विष उतरत नसे. पहिल्या खेळांत दर चार पावलांना 1 एचपी कमी होई. सुरुवातीच्या जंगलात वीडल या विषारी अळीसारख्या पोकेमॉनने डंख मारला, संघात एकच पोकेमॉन आहे आणि पिशवीत अँटिडोट (विषावरचा उतारा) नाही, तर नवखा खेळाडू चालता चालताच हरायचा. समोर शत्रू नसताना! बेशुद्धी लढाईपुरतीच, हा नियम इथेच गळत होता.

2006 च्या डायमंड-पर्ल या पोकेमॉन खेळांत विष 1 एचपीवर येऊन आपोआप उतरू लागले. हा तोडगा सर्वांत चांगला होता. घाई टिकली, अँटिडोटची किंमत टिकली, फक्त बेशुद्धी टळली. 2010 च्या ब्लॅक-व्हाइटने चालतानाचे नुकसान पूर्णच काढून टाकले. नवख्यांची सोय झाली, हे मान्य. पण लांबच्या गुहेत शिरण्यापूर्वी पिशवी तपासण्याचे एक ठोस कारण त्याबरोबर गेले.

लढाईनंतर टिकणारी एक इजा मात्र 1999 च्या गोल्ड-सिल्व्हरपासून आहे, आणि तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. बेशुद्ध पडल्यावर जिव्हाळ्याचा छुपा आकडा घटतो, बहुधा 1 ने. त्या खेळांत गोल्बॅट या वटवाघळासारख्या पोकेमॉनचे रूप बदलून क्रोबॅट व्हायला तो 220 लागे आणि 512 पावले चालल्यावर 1 वाढे. म्हणजे एका पराभवाची भरपाई 512 पावलांची. सतत पडणारा गोल्बॅट लेव्हल वाढूनही रूप का बदलत नाही, याचे उत्तर बहुतेकदा इथे सापडते.

2010 मध्येच खेळाडूंमध्ये नझलॉक, म्हणजे स्वतःवर कडक नियम घालून खेळण्याची पद्धत, रूढ होऊ लागली. त्यात कोडला हात लावत नाहीत. प्रत्येक भागात पहिला दिसेल तोच पोकेमॉन पकडायचा, आणि बेशुद्ध पडला की मेला असे धरून त्याला सोडून द्यायचे. काही जण सोडण्याऐवजी त्याला कायमचा बॉक्समध्ये (संघाबाहेरच्या पोकेमॉनच्या साठ्यात) ठेवतात.