ब्लफ आणि सेमी-ब्लफ: टर्नला एक, रिव्हरला दुसरा

२००३ ची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर, लास व्हेगास. मुख्य स्पर्धेत शेवटचे दोघे उरलेत. एक ऑनलाइन पात्रता फेरीतून आलेला हौशी खेळाडू ख्रिस मनीमेकर, दुसरा मुरलेला व्यावसायिक सॅम फरहा. मनीमेकरच्या हातात इस्पिकचा राजा आणि बदामाची सत्ती, फरहाकडे इस्पिकची राणी आणि बदामाची नव्वी. फ्लॉपला, म्हणजे टेबलावर उघडलेल्या दोघांच्या सामाईक पहिल्या तीन पानांत, इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री आणि इस्पिकची छक्की. टर्नला, म्हणजे चौथ्या सामाईक पानाला, इस्पिकची अठ्ठी. नव्वीची जोडी लागलेला फरहा ३ लाख चिप्स लावतो, मनीमेकर ते ८ लाखांवर नेतो, फरहा कॉल करतो, म्हणजे तेवढ्याच चिप्स भरून डावात राहतो. रिव्हरला, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या पानाला, बदामाची तिर्री. मनीमेकर सगळ्या चिप्स लावतो आणि फरहा, बराच वेळ विचार करून, जिंकणारे पत्ते टाकून देतो, म्हणजे डाव सोडतो.

हा डाव एक मोठा ब्लफ, म्हणजे थाप, म्हणून सांगितला जातो. मला त्यात दोन वेगळ्या चाली दिसतात, आणि कमी पैशांच्या टेबलांवर जे नुकसान होतं त्यातलं बरंचसं या दोहोंना एकच समजल्यामुळे होतं.

टर्नला मनीमेकर मागे होता, पण रिकाम्या हाताने नव्हता. उरलेल्या इस्पिकांपैकी कुठलंही पान आलं की राजाचा फ्लश (एकाच रंगाची पाच पानं). पंजी किंवा दश्शी आली की स्ट्रेट (सलग पाच पानं). राजा आला तरी नव्वीच्या जोडीला मोठी जोडी भारी. दोघांचे पत्ते उघडे धरून मोजलं तर उरलेल्या ४४ पानांपैकी १७ पानं त्याच्या कामाची होती, म्हणजे साधारण ३९ टक्के. फरहाने पत्ते टाकले तर पॉट, म्हणजे मधे जमलेल्या सगळ्या चिप्स, लगेच मिळणार, नाही टाकले तरी पाच वेळांपैकी जवळजवळ दोनदा पान लागणार. हा सेमी-ब्लफ. तिर्री पडल्यावर तीच दोन पानं हातात होती, पण पुढे पान येणारच नव्हतं. समोरच्याने पत्ते टाकले नाहीत तर लावलेलं सगळं गेलं. हा निव्वळ ब्लफ.

तीन पत्तीवरून पोकरकडे आलेल्यांना हा फरक पटकन का जाणवत नाही, हे समजण्यासारखं आहे. तीन पत्तीत वाटलेली तीन पानं शेवटपर्यंत तीच राहतात. तिथे हात सुधारायची सोयच नाही, त्यामुळे तिथली प्रत्येक थाप निव्वळ थाप असते.

(भारतात ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवण्यावर बंदी आली आहे, पोकरही त्यात आलं. त्यामुळे सेंटांचे पुढचे हिशेब, जिथे हा खेळ कायदेशीर आहे अशा देशांत राहणाऱ्यांसाठी. फुकटच्या चिप्सवर शिकणाऱ्यांनाही गणित तेच लागू आहे.)

आता २ सेंट-५ सेंटच्या टेबलावर येऊ (हे आकडे पानं वाटण्याआधी भरायच्या सक्तीच्या पैजांचे). टर्नला पॉट ६० सेंटचा आहे, तुम्ही ४० लावता. हात पूर्ण रिकामा असेल तर १०० सेंटच्या व्यवहारात ४० तुमचे धोक्यात आहेत, म्हणून समोरच्याने किमान ४० टक्के वेळा पत्ते टाकले पाहिजेत. त्याऐवजी तुमच्याकडे फ्लशला एक पान कमी असेल तर ४६ पैकी ९ पानं तुमची, साडेएकोणीस टक्के. कॉल झाला तर पॉट १४० होतो आणि त्यातला सरासरी २७ सेंटचा वाटा तुमचा. कॉल झाल्यावरचं नुकसान ४० वरून १३ सेंटच्या आसपास येतं, आणि समोरच्याने फक्त १७-१८ टक्के वेळा पत्ते टाकले तरी तुमचं भागतं. मधलं एकच पान हवं असलेला स्ट्रेट, म्हणजे चारच पानं कामाची असतील, तर हाच आकडा ३२ टक्क्यांच्या जवळ जातो. तोही म्हणायला सेमी-ब्लफच, पण वागतो जवळपास निव्वळ ब्लफसारखा.

या टेबलांवर ४० आणि १७ मधलं अंतर फार मोलाचं आहे, कारण इथली माणसं पत्ते टाकत नाहीत. कुठलीही जोडी लागली की शेवटपर्यंत कॉल करणारा खेळाडू जवळपास प्रत्येक टेबलावर भेटतो. मोठ्या टेबलांचे व्हिडिओ बघून त्याच्यावर तीन-तीन रस्ते, म्हणजे फ्लॉप, टर्न आणि रिव्हर तिन्हीला, ब्लफ मारणं म्हणजे त्याला पैसे वाटणं आहे. तो तुमची गोष्ट वाचत नाही, स्वतःचे दोन पत्ते बघतो. त्यामुळे इथे बहुतेक ब्लफ सेमी असावेत, आणि तेही ज्या हातांना आठ-नऊ पानं कामाची आहेत अशांचेच, असं माझं ठाम मत आहे.

पण सेमी-ब्लफलाही मर्यादा आहे. वरच्या गणितात पर्याय पत्ते टाकून देण्याचा धरलाय. तुमची पाळी शेवटची असेल आणि समोरच्याने चेक केलं असेल, म्हणजे काही न लावता पाळी पुढे दिली असेल, तर पुढचं पान फुकट मिळतंय. साडेएकोणीस टक्के हिशेबाने ६० च्या पॉटमधला जवळपास १२ सेंटचा वाटा तुमचाच आहे. समोरचा कधीच पत्ते न टाकणारा असेल तर तो वाटा गप्प घ्यावा आणि पान लागल्यावर मोठा डाव लावावा. तो तेव्हाही कॉल करेल.

मग निव्वळ ब्लफ कधीच मारू नये का? फ्लॉपला मारावा. फ्लॉपच्या आधी रेझ (पैज वाढवणं) तुम्ही केलेला, समोर एकच जण, आणि फ्लॉप राजा-सत्ती-दुर्री, तीन वेगळ्या रंगांचा. जोडी नसलेल्या हाताला फ्लॉपवर जोडी साधारण तीनपैकी एकदाच लागते, आणि असल्या फ्लॉपवर फ्लशची किंवा स्ट्रेटची आशा धरून थांबायलाही काही नसतं. पॉटच्या एक तृतीयांश लावलं तर चारपैकी एकदा पत्ते पडले तरी पुरतं. समोर दोघे असतील तर मात्र हात आखडता घ्यावा. प्रत्येक जण ६० टक्के वेळा पत्ते टाकतो असं धरलं तरी दोघेही एकदम टाकण्याची शक्यता ३६ टक्केच उरते.

सगळ्यात जास्त पैसे जातात रिव्हरला. फ्लॉपला लावलं, टर्नला लावलं, दोन्ही वेळा कारण चोख होतं, आणि फ्लश लागला नाही. हात आपोआप पुन्हा बटणाकडे जातो, कारण दोन वेळा योग्य असलेली चाल तिसऱ्यांदाही तीच वाटते. पण आता १७ टक्क्यांची सवलत संपलेली असते आणि दोन रस्ते कॉल केलेल्या माणसाकडून पूर्ण ४० टक्के हवे असतात.

इथे आणखी एक बारकावा आहे, तो फार जणांच्या लक्षात येत नाही. रिव्हरला पत्ते टाकून देईल असा समोरचा हात कुठला? बहुतेक वेळा त्याचाही अर्धवट राहिलेला फ्लश. पण त्या रंगाची दोन पानं तुमच्याच हातात असतील तर तसे हात त्याच्याकडे असण्याची शक्यता कमी झाली, आणि जोडी धरून बसलेल्या हातांचं प्रमाण वाढलं. म्हणजे हुकलेला फ्लश ब्लफ मारायला सोयीचा वाटतो, पण रिव्हरला तो त्या कामाला वाईट. त्यापेक्षा हुकलेला स्ट्रेट, ज्यात त्या रंगाचं एकही पान नाही, तो बरा. आणि तोही अशाच खेळाडूसमोर, ज्याला तुम्ही आधी कधीतरी रिव्हरला पत्ते टाकताना पाहिलं आहे.