मोजमापांची फाइल झिप का होत नाही: फ्लोटिंग-पॉइंट आकडे आवळण्याची पार्श्वभूमी

लेखांची, पत्रांची फाइल झिप केली की तिचा आकार सहज निम्म्याखाली येतो. तेच हवामानाच्या मॉडेलमधून निघालेल्या तापमानांच्या फाइलवर करून पाहिलं तर ती बरेचदा जेमतेम हलते. झिपच्या मुळाशी असलेली पद्धत याकोब झिव आणि अब्राहम लेम्पेल यांनी १९७७ साली मांडली आणि ती पुनरावृत्तीवर जगते. आधी येऊन गेलेला बाइटांचा क्रम पुन्हा दिसला, की तो परत न लिहिता ‘इतकं मागे जा, इतकं उचल’ एवढीच नोंद ठेवायची. मजकुरात तेच शब्द सारखे येतात. दशांश आकड्यांत, निदान संगणक ते ज्या रूपात साठवतो त्या रूपात, असं क्वचित घडतं.

ते रूप ठरलं १९८५ मध्ये. त्याआधी प्रत्येक कंपनीची वेगळी तऱ्हा होती. आयबीएमच्या सिस्टिम/३६० मध्ये तर घातांक सोळाच्या पटीत चालायचा. बर्कलीचे विल्यम कहान यांच्या पुढाकाराने, इंटेलच्या ८०८७ या चिपसाठी झालेल्या कामाच्या पायावर, आयईईई ७५४ हे मानक मंजूर झालं. त्यातल्या ‘डबल’मध्ये ६४ बिट असतात: एक चिन्हाचा, ११ घातांकाचे आणि ५२ अपूर्णांकाचे. गणितासाठी ही रचना उत्तम आहे. साठवणाऱ्याचं दुखणं मात्र त्या ५२ बिटांत आहे.

२७.३ आणि २७.४ ही दोन तापमानं घ्या. आपल्या नजरेला दोघांत किरकोळ फरक. संगणकात मात्र त्यांचे पहिले १८ बिट तेवढे जुळतात. एकोणिसाव्यापासून पुढे शेवटपर्यंत जवळजवळ एकाआड एक बिट वेगळा. कारण साधं आहे: ०.३ किंवा ०.४ हे अपूर्णांक द्विमान पद्धतीत संपतच नाहीत, एक तृतीयांश दशमानात संपत नाही तसे. तापमापीला दशांशाचं एकच स्थळ कळत होतं. बाकीची लांबलचक शेपटी रूपांतरातून आली. ती माहिती नाही, पण कॉम्प्रेशनच्या प्रोग्रॅमला ते कसं कळणार? त्याला सगळे बिट सारखेच मोलाचे.

पुढचा सगळा इतिहास या शेपटीभोवती फिरतो. माझं मत असं, की यातली प्रत्येक मोठी झेप पडली ती कुणीतरी ‘हा आकडा मुळात आला कुठून?’ असं विचारल्यावर. त्याच त्या कॉम्प्रेशनला नुसती धार लावून फार काही हाती लागलं नाही.

हा प्रश्न सर्वांत आधी हवामानवाल्यांनी विचारला, आणि तोही गरजेपोटी. संथ दळणवळण तारांवरून देशोदेशी जाळीबंद आकडे, म्हणजे नकाशावर आखलेल्या चौकटींच्या प्रत्येक बिंदूवरचे आकडे, पाठवायचे होते. जागतिक हवामान संघटनेने ‘ग्रिब’ हे स्वरूप स्वीकारलं तेही १९८५ मध्येच. त्याची युक्ती अशी: एका नकाशावरच्या सगळ्या किमतींतली सर्वांत लहान किंमत एकदाच लिहायची, ती प्रत्येकातून वजा करायची, उरलेलं ठरावीक पायरीने मोजून पूर्णांक करायचं आणि त्या पूर्णांकांना लागतील तेवढेच बिट द्यायचे. तापमान २५० ते ३१० केल्विनच्या दरम्यान असेल आणि दशांशाचं एक स्थळ पुरत असेल तर ६०० पायऱ्या होतात; त्याला १० बिट पुरतात. ६४ च्या जागी १०. किती अचूकता हवी हे आधी माणसाने ठरवायचं आणि मग बिट मोजायचे, हा क्रम मला आजही सर्वांत प्रामाणिक वाटतो. अमेरिकेतल्या ‘युनिडेटा’च्या नेटसीडीएफ या शास्त्रीय आकड्यांसाठीच्या फाइलींतही पट (कितीने गुणायचं) आणि सरक (किती मिळवायचं) अशा दोन संख्या देऊन १६ बिटांचे पूर्णांक साठवण्याचा प्रघात पडला, तो याच जातीचा.

या पद्धतीची उणीवही तितकीच ठळक. पायरी सगळीकडे सारखी असल्यामुळे ज्या राशी लाखो पटींनी कमीजास्त होतात, म्हणजे हवेतली धूळ, काही वायू, पावसाच्या बारीक नोंदी, त्यांच्यात लहान किमती सरळ शून्यात जमा होतात. तापमानाला जे चालतं ते धुळीला चालत नाही.

दरम्यान आकड्यांचा डोंगर वाढतच होता. जाळीची घरं १२ किलोमीटरवरून ६ वर आणली की प्रत्येक थरात चौपट बिंदू होतात. पुण्यात पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०२४ साली ‘अर्क’ महासंगणक आणला आणि त्यानंतर भारताचं जागतिक अंदाजाचं मॉडेल १२ वरून ६ किलोमीटरवर गेलं, तेव्हा ही चौपट तिथेही आलीच. गणित करण्याचा वेग गेल्या काही दशकांत ज्या गतीने वाढला, त्या गतीने डिस्कवर लिहिण्याचा वाढला नाही. जगभरच्या संगणन केंद्रांचं हे जुनं गाऱ्हाणं आहे.

एकही बिट गमवायचा नाही, अशा हट्टाची एक शाखा २००० नंतर जोमात आली. एचडीएफ५ या शास्त्रीय आकड्यांच्या फाइल-स्वरूपातला ‘शफल’ हा तिचा सगळ्यात साधा उपाय: सगळ्या आकड्यांचे पहिले बाइट एकत्र, दुसरे एकत्र, असं लावायचं. चिन्ह आणि घातांक शेजारी-शेजारी आले की झिपला पुनरावृत्ती सापडते. २००६ मध्ये लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतले पीटर लिंडस्ट्रॉम आणि त्यांच्यासोबत मार्टिन इझेनबर्ग यांनी जाळीतल्या शेजाऱ्यांवरून पुढच्या आकड्याचा अंदाज बांधून फक्त चूक साठवायची पद्धत दिली. पुढच्याच वर्षी मार्टिन बर्चर आणि परुज रतनवोरभान यांचं ‘एफपीसी’ आलं. त्यातले अंदाज बांधणारे तक्ते मूळ प्रोसेसरच्या संशोधनातले. सूचना पूर्ण होण्याआधीच तिचं उत्तर ओळखायचं यासाठी बनवलेले. अंदाज आणि खरा आकडा यांचा एक्सऑर घ्यायचा (जुळणारे बिट शून्य, वेगळे ते एक), सुरुवातीची शून्यं मोजून टाकायची, उरलेलं लिहायचं. वेग भन्नाट. पण अंदाज कितीही चांगला असला तरी शेपटीतला गोंगाट कोणालाच ओळखता येत नाही, आणि तिथे या शाखेची गाडी अडते.

दुसऱ्या शाखेने गोंगाट टाकून द्यायचं ठरवलं. लिंडस्ट्रॉम यांनीच २०१४ मध्ये ‘झेडएफपी’ मांडलं: त्रिमित जाळीचे ४ × ४ × ४ असे ठोकळे, प्रत्येक ठोकळ्याला एकच घातांक, मग जेपीईजी चित्रांत असतं तशा धाटणीचं रूपांतर आणि महत्त्वाचे बिट आधी. ठोकळ्याला किती बिट द्यायचे हे ठरलेलं असल्यामुळे मधलाच एखादा ठोकळा थेट उघडता येतो. २०१६ मध्ये आर्गॉन प्रयोगशाळेतून शेंग डी आणि फ्रँक काप्पेलो यांचं ‘एसझेड’ आलं. तिथे वापरणाऱ्याने चुकीची कमाल मर्यादा सांगायची आणि एकाही आकड्याने ती ओलांडायची नाही.

शास्त्रज्ञांना हे पचायला वेळ लागला, आणि त्यात काही गैर नव्हतं. महासंगणकावर महिनोन्‌महिने चालवून मिळवलेले आकडे हेतुपुरस्सर बिघडवायचे? अमेरिकेतल्या बोल्डरच्या एनसीएआर या वातावरण-संशोधन संस्थेत अ‍ॅलिसन बेकर आणि सहकाऱ्यांनी यावर नामी तोडगा काढला. एका मोठ्या हवामान प्रयोगात मॉडेल पुन्हा पुन्हा चालवून मिळालेल्या अनेक धावांपैकी काही धावा आवळून परत उलगडल्या आणि तज्ज्ञांनाच आव्हान दिलं, की कोणत्या त्या ओळखा. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले: नीट शोधलं तर खुणा सापडतात, पण त्या बहुतेकदा बिनमहत्त्वाच्या असतात किंवा पुढच्या विश्लेषणात पुसल्या जातात. मला या प्रयोगाचं कौतुक यासाठी वाटतं, की त्यांनी ‘काहीच फरक पडत नाही’ असा दावा केला नाही.

त्याच वर्षी चार्ल्स झेंडर यांनी आणखी सोपी वाट दाखवली. शेपटीतले बिट एका आकड्यात शून्य करायचे, पुढच्यात एक, असं आलटून-पालटून. नुसती शून्यं भरली तर सगळी सरासरी एका बाजूला कलते. ती अशाने कलत नाही. मग किती बिट ठेवायचे हा प्रश्न उरला. २०२१ मध्ये मिलान क्लोवर आणि सहकाऱ्यांनी शेजारच्या बिंदूंमधला प्रत्येक बिट एकमेकांबद्दल किती सांगतो हे मोजलं. युरोपच्या कोपर्निकस वातावरण सेवेच्या आकड्यांत बहुतेक राशींमध्ये खरी माहिती सात बिटांहूनही कमी निघाली. बाकीचे बिट गोल करून टाकले की तोच जुना झिप-कुळातला प्रोग्रॅम झकास चालतो. ६४ बिटांच्या तुलनेत त्यांना १७ पट बचत मिळाली.

तिसरी कथा प्रयोगशाळेबाहेरची. फेसबुकला आपल्या सर्व्हरांच्या तब्येतीच्या नोंदी थेट मेमरीत ठेवायच्या होत्या. २०१५ च्या ‘गोरिला’ या त्यांच्या डेटाबेसमध्ये वेळ आणि किंमत मिळून १६ बाइटांची नोंद सरासरी १.३७ बाइटांवर आली. पद्धत एफपीसीहूनही सोपी: अंदाज म्हणजे मागचाच आकडा. हे जमलं कारण सर्व्हरच्या किमती बरेचदा बदलतच नाहीत, आणि अनेक तर डबलच्या वेषातले पूर्णांक असतात. १२ आणि २४ यांच्या ६४ बिटांत फक्त एका बिटाचा फरक असतो. प्रोमिथियस या देखरेख-प्रणालीने हीच तऱ्हा उचलली. पण २७.३ नंतर २७.४ आलं की गोरिलाचीही पंचाईत होते. एकोणिसाव्या बिटापासूनची सगळी शेपटी लिहावी लागते.

ही गाठ नीट सोडवली ती अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने, २०२३ मध्ये. अझीम अफरूझे, लिओनार्डो कुफो आणि पीटर बोंच यांच्या ‘एएलपी’ने गृहीत धरलं, की डेटाबेसमधले बहुतेक डबल हे कधीतरी दशमानात लिहिलेले असणार: भाव, तापमान, अक्षांश. तेव्हा १०२४ आकड्यांचा गट घ्यायचा, दहाच्या योग्य घाताने गुणून पूर्णांक करायचे, उलट जाऊन मूळचा बिट न् बिट परत मिळतो का ते तपासायचं आणि जे नापास होतील ते वेगळे काढायचे. पूर्णांक झाल्यावर सर्वांत लहान किंमत वजा करायची आणि लागतील तेवढेच बिट द्यायचे. ओळखीचं वाटलं ना? ग्रिबचंच काम, फक्त काहीही न गमावता. २०२४ च्या सुरुवातीला ते डकडीबी या डेटाबेसच्या ०.१० आवृत्तीत दाखल झालं.

मात्र जे आकडे खरोखरच गणितातून आले, ज्यांना दशमानाचा पूर्वज नाही, त्यांच्यासाठी एएलपीमध्ये वेगळा मार्ग आहे. तो प्रत्येक आकड्याचे सुरुवातीचे मोजके बिट तोडून त्यांची छोटी यादी करतो आणि मागचे सगळे जसेच्या तसे लिहून ठेवतो.