ॲक्युपंक्चरमधील ताओवादी प्रतीके आणि चिनी तत्त्वविचार

शरीरावर ठरावीक जागी बारीक सुया टोचून उपचार करण्याच्या चिनी पद्धतीमागे विश्व, राज्य आणि माणसाचे शरीर यांना एकाच नजरेने पाहणारा प्राचीन विचार आहे. चिनी भाषेत या पद्धतीला ‘झेनज्यू’ म्हणतात. झेन म्हणजे सुई आणि ज्यू म्हणजे शेक. दवण्याच्या जातकुळीतल्या एका वनस्पतीची वाळवलेली लव जाळून हा शेक देतात. ‘ॲक्युपंक्चर’ या पाश्चात्त्य नावात शेक गळून पडला. भाषांतरात गळलेले आणखीही बरेच आहे. सुई टोचण्याच्या जागेला चिनीत ‘श्युए’ असा शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ गुहा, विवर. आपण त्याला ‘बिंदू’ म्हणतो. बिंदूला खोली नसते, आत-बाहेर नसते. विवराला ते सगळे असते आणि जुन्या ग्रंथकारांना तेच अभिप्रेत होते. आयुर्वेदातील मर्मांशीही त्याची गल्लत करू नये. सुश्रुताची १०७ मर्मे ही शस्त्रापासून जपायची ठिकाणे, तर विवरे मुद्दाम उघडायची.

या विवरांतून जे वाहते ते ‘छी’. (मराठीत ‘ची’ लिहावे तर षष्ठीचा प्रत्यय वाटतो, ‘छी’ लिहावे तर किळस, दुसऱ्याने निदान वाक्य तरी मोडत नाही.) छी म्हणजे वाफ, श्वास, हवामान आणि चैतन्य यांचे मिश्रण. ते दाटले की वस्तू होते, विरले की आकाश. ‘ताओ ते चिंग’ या ताओवादाच्या मूळ ग्रंथाच्या ४२व्या अध्यायानुसार ताओपासून, म्हणजे विश्वाच्या मूळ मार्गापासून, एक, एकापासून दोन, दोहोंपासून तीन आणि तिहींपासून सगळे चराचर निर्माण झाले. त्यातले दोन म्हणजे यिन आणि यांग, असा अर्थ परंपरेने लावला जातो. डोंगराची सावलीतली बाजू यिन, उन्हातली यांग. दिवस कलला की बाजू बदलतात, म्हणून त्यांना चांगले-वाईट म्हणता येत नाही.

वैद्यकात या विचाराची मांडणी ‘ह्वांगदी नेइजिंग’ या ग्रंथात झाली. हान राजवटीत, इ.स.पू. दुसऱ्या-पहिल्या शतकांच्या सुमारास, अनेक हातांनी लिहिलेले लेख एकत्र येऊन तो तयार झाला. पौराणिक पीतसम्राट विचारतो आणि छी बो हा त्याचा जाणता मंत्री सांगतो, अशी संवादाची रचना आहे. पोथ्या-पुराणे ऐकलेल्या मराठी माणसाला ती परकी वाटणार नाही. ‘सूवन’ आणि ‘लिंगशू’ हे त्याचे दोन भाग प्रत्येकी ८१ अध्यायांचे आहेत. ८१ हा नवाचा वर्ग, आणि ‘ताओ ते चिंग’चे अध्यायही तितकेच. लिंगशूत सांगितलेल्या सुयाही नऊ प्रकारच्या : पहिली आकाशाची, दुसरी पृथ्वीची, तिसरी माणसाची, चौथी ऋतूंची, असे करत नऊपर्यंत.

संख्येचा हा ओढा किती जबर होता ते शरीरभर छी वाहून नेणाऱ्या वाहिन्यांच्या मोजणीत दिसते. १९७३ मध्ये हूनान प्रांतातल्या मावांगद्वी येथे इ.स.पू. १६८ मध्ये बंद केलेल्या थडग्यातून हस्तलिखिते मिळाली. त्यांत वाहिन्या अकराच आहेत आणि उपाय शेकाचा. सुईचा पत्ता नाही. नेइजिंगमध्ये मात्र बारा वाहिन्या, आणि लिंगशूचा एक अध्याय त्यांची जोडी चीनमधल्या बारा जलप्रवाहांशी लावतो. बारावी वाहिनी शरीरात सापडली म्हणून आली, यापेक्षा महिन्यांच्या आणि नद्यांच्या हिशेबाला हवी होती म्हणून आली, असे मानणे सोपे जाते. विवरांचेही तेच. वर्षाचे दिवस ३६५ म्हणून तीही ३६५, असे ग्रंथ सांगतो. नावे देतो त्याच्या निम्मीही नाहीत. वांग वेइयी यांनी १०२७ मध्ये ओतवून घेतलेल्या काशाच्या पुतळ्यांवर ३५४ होती आणि आजच्या प्रमाण यादीत ३६१ आहेत. दोन हजार वर्षांत हिशेब काही जुळला नाही आणि त्यावाचून कुणाचे अडलेही नाही.

ॲक्युपंक्चरला सरसकट ‘ताओवादी’ म्हणण्याची रीत आहे, ती अर्धीच खरी. इ.स.पू. २२१ मध्ये चीन एका छत्राखाली आला. कालवे, कोठारे आणि अधिकाऱ्यांची उतरंड उभी राहिली. सूवनचा आठवा अध्याय शरीराचे वर्णन त्याच भाषेत करतो. हृदय राजा, फुप्फुस त्याचा मंत्री, यकृत डावपेच आखणारा सेनापती, पित्ताशय निवाडा देणारा अधिकारी आणि जठर-प्लीहा कोठारांचे रखवालदार. रोग म्हणजे कुठे तुंबलेले पाणी, कुठे न पोचलेली रसद. डोंगरात एकांती बसलेल्या साधूपेक्षा इथे पाटबंधारे सांभाळणाऱ्या कारभाऱ्याचा आवाज जास्त ऐकू येतो.

पाण्याची ही भाषा अंगठ्यापासून कोपरापर्यंतच्या पाच विवरांत नीट पाहता येते. फुप्फुसाच्या वाहिनीवर नखाच्या कोपऱ्याशी ‘शाओशांग’ ही विहीर आहे. चिनी पंचतत्त्वांच्या वाटणीत संगीताच्या पाच स्वरांतला शांग धातूचा, आणि फुप्फुसही धातूचेच. तिथून अंगठ्याच्या मांसल उंचवट्यावर ‘यूजी’, म्हणजे माशाचा काठ. तळहात किंचित दुमडला की तो उंचवटा खरेच माशाच्या पोटासारखा दिसतो. हा झरा. मनगटाच्या घडीवर, जिथे नाडी बोटाला लागते, तिथे ‘ताइयुआन’, म्हणजे अथांग डोह. त्याच्या थोडे वर ‘जिंगछू’ हा पाट, आणि कोपराच्या घडीत ‘छीझ’ ही दलदल, जिथे प्रवाह समुद्राला मिळतो असे मानतात. गंमत अशी, की याच वाहिनीतला छी छातीकडून अंगठ्याकडे वाहतो असेही तोच ग्रंथ सांगतो. म्हणजे पाणी समुद्राकडून विहिरीकडे! मावांगद्वीच्या हस्तलिखितांत बहुतेक वाहिन्या हातापायांकडून धडाकडे जातात. जुनी समजूत न पुसता तिच्यावर नवी रचली गेली असावी.

छातीच्या मधल्या रेषेवर गेले की नदी संपून राजवाडा लागतो. खालून वर ‘यूतांग’ (जेडचा महाल), ‘झीगोंग’ (जांभळा प्रासाद), ‘ह्वागाय’ (राजछत्र) आणि ‘श्वानजी’ (सप्तर्षींशी जोडलेले नाव). ध्रुवाभोवतीच्या आकाशाला चिनी ज्योतिषी जांभळे प्रांगण म्हणत. बीजिंगच्या राजवाड्याच्या नावातला जांभळा रंगही तिथलाच. हृदय राजा, तर त्याच्यावर हे छत्र आणि हे तारे हवेतच. बेंबीच्या दोन्ही बाजूंना ‘त्यानशू’ आहे आणि सप्तर्षींतल्या पहिल्या ताऱ्याचेही नाव तेच. अंतर मोजायचे माप ‘त्सुन’ हे रुग्णाच्याच अंगठ्याच्या रुंदीवरून ठरते, आपल्या अंगुळासारखे.

पंचतत्त्वांचा विचार करताना पंचमहाभूते डोळ्यांपुढे आणू नयेत. चिनी पाचांत वायू आणि आकाश नाहीत, लाकूड आणि धातू आहेत. मूळ शब्दाचा अर्थही पाच चाली असा आहे. लाकूड अग्नीला जन्म देते, पाणी अग्नीला आवरते. ‘नानजिंग’ या ग्रंथाने त्यातून सरळ नियम काढला : अवयव क्षीण असेल तर त्याच्या आईला बळ द्या, उतू जात असेल तर लेकराचा निचरा करा.

ताओवाद खरा भेटतो तो सुई धरणाऱ्या हातात. च्वांगझी या ताओवादी विचारवंताच्या गोष्टीतला खाटीक दिंग १९ वर्षे एकच सुरी वापरतो, कारण तो हाड कापत नाही. सांध्यांमधल्या फटीतून पाते जाऊ देतो. लिंगशूचा पहिलाच अध्याय म्हणतो की सामान्य वैद्य आकाराला धरून राहतो आणि श्रेष्ठ वैद्य चैतन्याला. सुई आत गेल्यावर वैद्य ती हलकेच वर-खाली करतो, चिमटीत फिरवतो आणि थांबतो. काही वेळाने मांस सुईला धरते, बोटांना जडपणा लागतो. रुग्णाला ठणका किंवा बधिरपणा जाणवतो. यालाच छी येणे म्हणतात. जिन-युआन काळातील वैद्य दोउ हानछिंग यांनी ते गळाला लागलेल्या माशाच्या हिसक्यासारखे आणि न येणे रिकाम्या, खोल दालनात बसल्यासारखे सांगितले आहे. त्यापुढे आकडेमोडही आली : बळ देताना नऊच्या पटीत सुई फिरवायची, निचऱ्यासाठी सहाच्या, कारण ‘यी जिंग’ या प्राचीन शकुनग्रंथात नऊ यांगचा आणि सहा यिनचा अंक.

वैद्यक आणि ताओवादी साधना यांची सरमिसळही होती. सूवनची आज वापरात असलेली प्रत ७६२ मध्ये संपादित करणारे वांग बिंग ताओवादी वळणाचे होते. शेकासाठी नावाजलेली बाओ गू ही ताओवादी गे होंग यांची पत्नी. बीजिंगच्या श्वेतमेघ मंदिरात १८८६ मध्ये कोरलेल्या ‘नेइजिंग तू’ या शिळेवर शरीर म्हणजे डोंगरदऱ्यांचा मुलूख आहे : पोटात बैल नांगर ओढतो आहे आणि कण्याच्या तळाशी मुले पायरहाट चालवून पाणी वर चढवत आहेत.

१८२२ मध्ये दाओग्वांग सम्राटाने राजवैद्यशाळेतून ॲक्युपंक्चर हटवले. विसाव्या शतकात चेंग दानआन या चिनी वैद्यांनी विवरांच्या जागा शरीररचनेशी जुळवून घेतल्या आणि १९४९ नंतरच्या पाठ्यपुस्तकांतून भुते-ग्रह गाळले गेले. पाश्चात्त्य वाचकांसाठी सूल्ये द मोराँ या फ्रेंच लेखकाने छीला ‘ऊर्जा’ आणि वाहिन्यांना ‘मेरिडियन’ म्हटले, तेच शब्द रूढ झाले. वाहिन्यांना शारीरिक पुरावा मिळालेला नाही. जर्मनीत जुन्या कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चिनी नियमांनी सुया टोचलेल्या ४७.६ टक्के, भलत्याच जागी वरवर टोचलेल्या ४४.२ टक्के आणि नेहमीचे उपचार घेतलेल्या २७.४ टक्के लोकांना आराम पडला. हे आकडे समर्थक आणि टीकाकार दोघेही आपल्या बाजूने वाचतात.

भारतात ही पद्धत आली ती १९५०च्या दशकाच्या अखेरीस, डॉ. बिजोय कुमार बसू यांच्याबरोबर. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातले ते सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे सहकारी. कोटणीस स्वतः शल्यचिकित्सक, तरी भारतातील ॲक्युपंक्चरच्या कामाला त्यांचेच नाव लागले. आज दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यात मनगटाच्या घडीवर ‘एलयू ९’, म्हणजे फुप्फुसाच्या वाहिनीवरचे नववे विवर, असे लिहिलेले असते. तोच तो अथांग डोह.