माळ, पडीक आणि एक निवृत्ती : परिसंवादाची पार्श्वभूमी

आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापिका या महिन्यात निवृत्त होत आहेत. त्यांच्या सन्मानार्थ भरणाऱ्या परिसंवादाचा विषय आहे दख्खनचा माळ. परिसरशास्त्र म्हटलं की घाटमाथा, देवराया, सदाहरित जंगल हेच डोळ्यांसमोर येतं. मॅडमनी मात्र नोकरीची सगळी वर्षं घाटाच्या पूर्वेला, इंदापूर-सोलापूरकडच्या पर्जन्यछायेतल्या गवतात काढली. तिथे झाडं कमी आहेत, कारण तिथलं जंगल तुटलं, असंच आम्हा विद्यार्थ्यांना वाटायचं. तो समज खोडून काढणं हेच त्यांचं मुख्य काम होतं.

भारतीय उपखंडात उष्ण हवेला सरावलेली गवतं 70-80 लाख वर्षांपूर्वी पसरू लागली, म्हणजे कुऱ्हाडीच्या कितीतरी आधी. जवळचा पुरावा हवा असेल तर पंढरपूरला जावं. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेची खूण म्हणून देवळात जे झाड दाखवतात, ते तरटीचं. तरटी दाट सावलीच्या रानातली नव्हे, उघड्या माळावरची. जुन्या मराठी ग्रंथांतले झाडाझुडपांचे उल्लेख अलीकडे अभ्यासकांनी तपासले, तेव्हा त्यांतही माळावरच्या वनस्पतींचंच प्रमाण जास्त निघालं.

खरा गुंता आहे तो ‘पडीक’ या शब्दात. शेतकऱ्याच्या बोलीत पड टाकणं म्हणजे जमिनीला विसावा देणं. पडीक रान म्हणजे कधीतरी नांगरलेलं आणि सध्या न पेरलेलं रान. गायरान वेगळं, ते गावाच्या गुरांचं. माळ त्याहून वेगळा, कारण बहुतेक ठिकाणी त्याला नांगर लागलेलाच नसतो. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगराला हे भेद कुणी शिकवावे लागत नाहीत. महसुलाला मात्र ते नको होते. मुंबई इलाख्यातली सुधारित जमीनमोजणी आणि सारापद्धत 1836 च्या सुमारास सुरू झाली ती नेमकी इंदापूर तालुक्यातून. जी जमीन सारा देते ती कामाची, देत नाही ती वाया गेलेली, ही नजर तिथे पक्की झाली. सातबाऱ्यावरचा ‘पोटखराब’ (लागवडीला नालायक धरलेला भाग) हा शब्द आजही तीच नजर सांगतो. इंग्रजी ‘वेस्टलँड’ला मराठीत ‘पडीक’ म्हटलं गेलं आणि कधीच न नांगरलेला माळही कागदावर टाकून दिलेलं शेत ठरला. वनखात्याच्या वर्गीकरणाने दुसऱ्या बाजूने तेच केलं. मोकळं गवत म्हणजे ऱ्हास पावलेलं जंगल, तेव्हा तिथे झाडं लावली की ते सुधारेल.

1985 मध्ये पडीक जमिनींच्या विकासासाठी राष्ट्रीय मंडळ आलं, 2000 मध्ये अशा जमिनींचा नकाशासंग्रह आला. माळाचे मोठे पट्टे त्यात गेले. माझ्या मते नांगराने माळाचं जेवढं नुकसान केलं, त्याहून जास्त या एका भाषांतराने केलं. नांगर एका बांधापाशी थांबतो, व्याख्या सगळ्या जिल्ह्याला लागू होते.

सोलापूरजवळच्या नान्नज गावी हे उघड दिसतं. 1972 च्या दुष्काळानंतर सोलापूरच्या या भागात अवर्षणप्रवण क्षेत्राच्या योजनेतून काही गवताळ तुकडे राखले गेले आणि तिथे माळढोक हा गवताळ रानातला मोठा पक्षी टिकून असल्याचं लोकांच्या ध्यानात आलं. 1979 मध्ये अभयारण्य झालं, तेही सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचं. त्यात खासगी शेतं आली, गावं आली. लोकांच्या जमीनव्यवहारांवर बंधनं आली आणि राग निघाला तो पक्ष्यावर. बऱ्याच वर्षांच्या वादानंतर, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन, 2012 च्या सुमारास हद्द 1,222 चौरस किलोमीटरवर आली.

हद्द घटवणं चूक होतं असं मॅडम म्हणत नाहीत. शेतकऱ्याला वेठीस धरून पक्षी वाचत नाही, हे त्या वर्गात नेहमी सांगत. त्यांचं दुखणं निराळं होतं. हद्दीवर एवढं भांडण झालं, पण हद्दीच्या आत काय असायला हवं याची चर्चा फारशी झालीच नाही. माळढोक उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालतो. त्याला लांबवर मोकळी नजर लागते. अशा ठिकाणी गिरिपुष्पासारखी झाडं लावली गेली. शिवारात विहिरी आणि ऊस वाढत गेला, विजेच्या तारा आल्या. 2011 मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत हा पक्षी अतिसंकटग्रस्त ठरला. आता नान्नजच्या गणनेत एखादाच दिसतो, कधी एकही नाही.

तरीही माळ म्हणजे फक्त माळढोक नव्हे. मॅडमबरोबर एक चौरस मीटरची चौकट टाकून आम्ही मारवेल, पवना, कुसळी ही गवतं मोजत बसायचो, तेव्हा शेजारून धाविक पक्षी पळायचे आणि लांब काळविटांचा कळप थबकून पाहायचा. लांडगा आणि खोकड यांनाही हेच मोकळं रान लागतं.

परिसंवादाचं शेवटचं सत्र गवतात लावलेली झाडं काढण्यावर आहे. रोप लावायला योजना आणि निधी मिळतो. तेच झाड माळासाठी काढायचं तर परवानग्यांची रांग लागते, आणि गावात त्याला ‘जंगलतोड’ म्हणतात. त्या सत्राला वनखात्यातली मंडळी आहेत, मेंढपाळही आहेत. सत्राच्या शीर्षकात आधी ‘पडीक जमीन’ असं छापलं होतं. मॅडमनी मुद्रितावर ते स्वतः खोडून ‘माळरान’ केलं.