‘चिंता करू नका’ या वचनामागचा इतिहास : आजारपणाची धास्ती आणि ख्रिस्ती श्रद्धा

छातीत कळ आली की हृदयविकार, डोकं दोन दिवस दुखलं की मेंदूत गाठ. तपासण्या होतात, रिपोर्ट नॉर्मल येतो, डॉक्टर ‘काही नाही’ म्हणून पाठ थोपटतात. आठवडा बरा जातो आणि पुन्हा मनात पाल चुकचुकते. अशा माणसाचं दुखणं खोटं नसतं. धास्तीनं छाती खरंच धडधडते, पोटात खरंच गोळा येतो, झोप खरंच उडते.

ख्रिस्ती घरात अशा माणसाला बहुधा एक वचन ऐकवलं जातं. बायबलच्या नव्या करारातलं फिलिप्पैकरांस पत्र, चौथा अध्याय, सहावी ओवी: ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका.’ या वचनानं सावरलेली माणसं मी पाहिली आहेत. याच वचनानं आणखी खचलेलीही पाहिली आहेत, कारण आजाराची भीती होतीच, तिच्यावर ‘माझा विश्वास कमी पडतोय’ ही लाज येऊन बसली. एकच वचन एकाला आधार आणि दुसऱ्याला ओझं का होतं, हे समजायला ते कुठून आलं आणि शतकानुशतकं कसं वापरलं गेलं, हे पाहावं लागतं.

येशूचा प्रेषित पौल यानं हे पत्र फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला तुरुंगातून लिहिलं. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एका आजाऱ्याची हकिकत आहे. फिलिप्पैच्या मंडळीनं एपफ्रदीत नावाच्या माणसाला पौलाच्या मदतीसाठी पाठवलं होतं. तो आजारी पडला, अगदी मरणाच्या दारापर्यंत गेला. आपल्या आजाराची बातमी गावी पोचली म्हणून तो कासावीस होता. पौल त्याला विश्वास कमी पडल्याचा बोल लावत नाही. देवानं त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं, असं तो लिहितो. म्हणजे ‘चिंताक्रांत होऊ नका’ म्हणणारा माणूस स्वतः जिवलगाच्या आजारपणानं हललेला होता.

मूळ ग्रीकमध्ये आणखी एक गोष्ट दिसते. चौथ्या अध्यायात ज्या क्रियापदाला ‘नका’ म्हटलं आहे, तेच क्रियापद दुसऱ्या अध्यायात आपला तरुण सहकारी तीमथ्य याची स्तुती करताना आलं आहे: तुमची मनापासून काळजी वाहील असा त्याच्यासारखा दुसरा कोणी माझ्याजवळ नाही. मराठीत ही गाठ सहज सुटते. आपण काळजी ‘करतो’ आणि काळजी ‘घेतो’. करण्यात माणूस स्वतःभोवती फिरत राहतो, घेण्यात हात दुसऱ्याकडे जातात. पेत्राच्या पहिल्या पत्रातलं वचन तर मराठीत जणू याच फरकावर उभं आहे: आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो.

पहिल्या शतकांतल्या मंडळीला डॉक्टरांचं वावडं नव्हतं. लूकला नव्या करारातच ‘प्रिय वैद्य’ म्हटलं आहे. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर पौल थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. चौथ्या शतकात कप्पदुकियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) कैसरियाचा बिशप बासिल यानं शहराबाहेर आजारी आणि निराधार लोकांसाठी मोठं सेवास्थान उभारलं. बासिल स्वतः सतत आजारी असे. मठवासीयांसाठी त्यानं लिहिलेल्या नियमांत औषधोपचारांवर एक लांब प्रकरण आहे. वैद्यकी ही देवाची देणगी आहे, ती नाकारू नये, असं तो त्यात स्पष्ट म्हणतो. पण ज्यानं सगळं आयुष्य देहाच्या काळजीभोवती फिरू लागेल, अशा उपचारांच्या आणि खटाटोपाच्या मागे लागू नये, असंही तो बजावतो. आजच्या आरोग्यचिंतेचं इतकं नेमकं वर्णन त्या काळात क्वचितच कुणी केलं असेल.

याच बासिलनं एका तरुणाला मंडळीत वाचकाची, म्हणजे उपासनेत शास्त्र वाचून दाखवणाऱ्याची, दीक्षा दिली. त्याचं नाव एवाग्रियस. या विषयाच्या इतिहासात मला हाच माणूस सर्वांत मोलाचा वाटतो. कॉन्स्टँटिनोपलमधली उमेदीची कारकीर्द सोडून तो जेरुसलेमला आला. तिथे त्याला तापानं गाठलं, तो सहा महिने हटेना आणि वैद्यांना काही उमगेना. मेलानिया नावाच्या साध्वीनं त्याच्या मनातलं बोलतं केलं, त्यानं मठवासी होण्याचा निश्चय केला आणि तो उठला. पुढे इजिप्तच्या वाळवंटात तो ३९९ मध्ये वारला तोवर राहिला.

तिथे त्यानं एक विलक्षण काम केलं. एकांतात बसलेल्या माणसाच्या मनात कोणते विचार कोणत्या क्रमानं येतात, याची त्यानं नोंद ठेवली. खादाडपणाचा विचार कसा येतो हे सांगताना त्याच्या लेखणीतून पक्वान्नं उतरत नाहीत, शरीराचे अवयव उतरतात. तो विचार साधकाला त्याचं पोट, यकृत, प्लीहा दाखवतो, पुढे होणारं जलोदर आणि लांबलेलं आजारपण दाखवतो, आणि वर सांगतो की इथे वैद्यही मिळणार नाही. पैशाच्या लोभाबद्दल लिहिताना तो लांबलेलं म्हातारपण, काम न करणारे हात, उपासमार आणि येणारे रोग यांची चित्रं रंगवतो. सोळाशे वर्षांपूर्वी वाळूत बसलेला एक माणूस रात्री आपलं पोट चाचपतोय आणि जवळ डॉक्टर नाही म्हणून घाबरतोय. हा माणूस मला अगदी शेजारचा वाटतो.

या विचारांना उत्तर देण्यासाठी एवाग्रियसनं वचनांचा संग्रह केला. जवळजवळ पाचशे नोंदी, आठ भागांत. आधी मनात येणारा विचार, मग त्याच्यासमोर म्हणायचं वचन. रचनेची प्रेरणा सरळ शुभवर्तमानातून आली: रानात सैतानानं मोह घातला तेव्हा येशूनं प्रत्येक वेळी जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं वचन उच्चारलं आणि विषय तिथेच संपवला. एवाग्रियसचं म्हणणं असं, की ऐन झुंजीच्या वेळी योग्य शब्द चटकन आठवत नाहीत, कारण ते शास्त्रात विखुरलेले आहेत, म्हणून ते आधीच गोळा करून ठेवावेत. या ग्रंथाची मूळ ग्रीक प्रत हरवली, तो सिरियाक आणि आर्मेनियन भाषांतरांतून टिकला.

तिथे वचन हे काही घडू नये म्हणून बांधलेला ताईत नव्हतं. तू आजारी पडणार नाहीस, अशी हमी एवाग्रियस देत नाही. विचाराला नावानं ओळखायचं, त्याला एकदा उत्तर द्यायचं आणि हातातल्या कामाकडे वळायचं, एवढंच तो शिकवतो. हमी मागणारा वचनाचा वापरही शास्त्रातच आला आहे, आणि तो कुणाच्या तोंडी आहे हे पाहण्यासारखं आहे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, तुझ्या पायाला ठेच लागू नये म्हणून देवदूत तुला झेलतील, असं म्हणत ९१ वं स्तोत्र सैतान येशूला ऐकवतो. ‘देवाची परीक्षा पाहू नको’ हे येशूचं उत्तर.

मध्ययुगात पश्चिमेकडच्या चर्चमध्ये वेगळंच वळण आलं. कोणी आजारी असेल तर त्यानं मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी त्याला तेल लावून प्रार्थना करावी, असं याकोबाच्या पत्रात आहे. हा संस्कार आजाऱ्याला एकटं पडू न देण्यासाठी होता. हळूहळू तो मरणाच्या उंबरठ्यावरच्या माणसापुरता उरला. तेलाची कुपी घेऊन धर्मगुरू दारात आला म्हणजे आता आशा नाही, असा अर्थ घरोघर रुजला. जो दिलासा होता तोच धास्तीचं कारण झाला. कॅथलिक चर्चनं हे वळण १९६० च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेनंतर, दुरुस्त केलं. १९७२ मध्ये नवा विधी आला आणि हा संस्कार पुन्हा गंभीर आजारी माणसांचा झाला, फक्त मरणाऱ्यांचा उरला नाही.

सोळाव्या शतकात जर्मनीत प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरला ही धास्ती ऐकीव नव्हती. मठात असताना पापाच्या भीतीनं तो तासन् तास पापकबुली देत बसे आणि बाहेर पडला की आणखी काहीतरी आठवे. पुढे शरीरानंही त्याला छळलं: चक्कर, कानात आवाज, मुतखडे. जुलै १५२७ मध्ये तो कोसळला आणि आता आपण वाचत नाही असं त्याला वाटलं. महिनाभरात विटेनबर्गमध्ये प्लेग आला. विद्यापीठ दुसरीकडे हललं, ल्यूथर राहिला. बायको कॅथरिना गरोदर होती, घराचं रुग्णालय झालं. ब्रेस्लाऊ शहरातल्या पाळकांनी त्याला विचारलं होतं, की ख्रिस्ती माणसानं प्लेगपासून पळावं का. त्याचं उत्तर छापून प्रसिद्ध झालं. मी घर धुरावेन, औषध देईन आणि घेईन, जिथे माझी गरज नाही तिथे जाणं टाळीन, पण शेजाऱ्याला माझी गरज असेल तर जाईन, असं तो लिहितो. औषध टाळून ‘देव राखेल’ म्हणणं ही त्याच्या मते श्रद्धा नव्हे, देवाची परीक्षा पाहणं होय. उदास आणि घाबरलेल्या मित्रांना लिहिलेल्या पत्रांत त्याचा सल्ला घरगुती असे: एकटे राहू नका, जेवा, गा, माणसांत बसा.

सतराव्या शतकात इंग्लंडमधला प्युरिटन (कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट पंथाचा) पाळक रिचर्ड बॅक्स्टर याच वाटेवर दिसतो. त्यानं आयुष्यात छत्तीस वैद्यांचा सल्ला घेतला आणि असंख्य औषधं घेतली, असं तो आत्मचरित्रात सांगतो. विषण्ण माणसांना धीर देताना तो त्यांना आणखी आत्मपरीक्षण करायला सांगत नाही. एकांतात फार विचार करत बसू नका, काम करा, चांगल्या वैद्याकडून औषध घ्या, असं त्याचं सांगणं आहे. ज्याचं मनच दुखावलं आहे त्याला त्याच मनात आणखी खोल खणायला लावणं घातक आहे, हे त्यानं ओळखलं होतं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत विश्वासानं बरं होण्याच्या चळवळी उभ्या राहिल्या. त्यांत खरी प्रार्थना आणि खरी करुणा होती. पण काही ठिकाणी डॉक्टरकडे जाणं हाच अविश्वास ठरू लागला. अलेक्झांडर डावी या उपदेशकानं शिकागोच्या उत्तरेला वसवलेल्या झायन शहरात औषधांना उघड विरोध होता. ‘बरं झालो नाही, म्हणजे विश्वास कमी’ हा काटा आजही अनेकांच्या मनात रुततो, त्याला या काळात खतपाणी मिळालं.

बॉस्टनच्या इमॅन्युएल चर्चनं १९०६ मध्ये दुसरी वाट काढली. पाळक एल्वुड वुस्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ इसाडोर कोरिआट यांनी मज्जातंतूंच्या तक्रारींनी त्रासलेल्यांसाठी चर्चमध्येच उपचार सुरू केले. आधी डॉक्टरनं तपासायचं, शारीरिक रोग असेल तर त्याचा इलाज वेगळा, आणि नसेल तर मगच प्रार्थना, बोलणं, विश्रांती आणि माणसांची सोबत. वैद्यकीय जगानं टीका केली, काही वर्षांत चळवळ ओसरली. पण पाळक आणि डॉक्टर एकाच टेबलाशी बसले ही घटना मला फार महत्त्वाची वाटते.

आपल्याकडेही या इतिहासाच्या खुणा आहेत. १८९६ च्या प्लेगमध्ये मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांत लोकांनी क्रूस उभारले. त्यांतले काही गल्लीबोळांत आजही दिसतात. मिरजेत १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी सुरू केलेल्या मिशन रुग्णालयात औषध आणि प्रार्थना एकाच छताखाली आली. केडगावला पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून आयुष्याची शेवटची वर्षं बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराला दिली, शास्त्र न शिकलेल्या बायकांनाही ते कळावं म्हणून. दुखण्याच्या रात्री आठवणारं वचन आपल्या बोलीत असणं किती मोठी गोष्ट आहे, हे त्या दुखण्यातून गेलेल्यांना ठाऊक आहे.

वैद्यकशास्त्रानं या धास्तीला बरीच वर्षं ‘हायपोकॉन्ड्रिया’ म्हटलं. मूळ ग्रीक शब्द बरगड्यांखालच्या पोटाचा, म्हणजे एवाग्रियसच्या साधकाचा हात जिथे जात होता तिथलाच. २०१३ मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेनं हे नाव बाजूला ठेवलं, कारण त्याला हिणवण्याचा वास येत होता. त्याआधी १९८० च्या दशकात ब्रिटनमधल्या पॉल साल्कोव्स्किस आणि हिलरी वॉरिक यांनी दाखवलं, की ‘काही नाही’ असं पुन्हा पुन्हा ऐकून घेणं हेच या धास्तीचं इंधन आहे. दिलासा मिळतो, थोडा वेळ टिकतो, मग आणखी लागतो. वचनाचंही असंच होऊ शकतं. मन शांत होईपर्यंत तेच स्तोत्र वीस वेळा म्हणायचं, बोट पडेल ते पान उघडून ‘देवानं काय सांगितलं’ ते पाहायचं, हे नाडी तपासत बसण्यासारखंच आहे. अशा माणसाला मानसोपचार लागतात आणि ते घेणं हा विश्वासघात नाही. वचन तेव्हाही त्याच्याजवळ असू शकतं, एवाग्रियसनं ठेवलं तसं: एकदा म्हणून, मग उठून कामाला लागण्यासाठी.

स्तोत्रसंहितेत एक स्तोत्र आहे, ८८ वं. लहानपणापासून दुखण्यानं पिचलेला आणि मरणाच्या काठावर राहिलेला एक माणूस त्यात देवाशी बोलतो. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे आशेला वळतात, हे वळत नाही. हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द ‘अंधार’ आहे. कॅथलिक चर्चच्या प्रार्थनाविधीत दर शुक्रवारी रात्री, झोपण्यापूर्वी, हेच स्तोत्र म्हटलं जातं.