पुलाची थरथर, धावत्या गाडीतून

५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला आणि उत्तर गोव्याची माणसे पुन्हा फेरीबोटीच्या धक्क्यावर उभी राहिली. पूल जेमतेम दीड दशकाचा होता. खारी हवा काँक्रीटच्या पोटातल्या ताणलेल्या पोलादी तारा खाते, वरून मात्र सगळे धडधाकट दिसते. पुढे जुन्या जुवारी पुलावर अवजड वाहनांना बंदी आली. पूल आतून कसा आहे, ही चिंता तेव्हापासून केवळ अभियंत्यांची राहिली नाही.

प्रश्न जुनाच. १८४७ मध्ये इंग्लंडात चेस्टरजवळ डी नदीवरचा रेल्वेपूल गाडीखाली मोडला. त्यानंतर रॉबर्ट विलिस यांनी प्रयोग करून दाखवले, की एका जागी स्थिर असलेल्या भारापेक्षा धावता भार तुळईला अधिक वाकवू शकतो. १८४९ मध्ये गणितज्ञ स्टोक्स यांनी त्याचे गणित मांडले. पुढे पुलावरच संवेदक (हादरे टिपणारी उपकरणे) बसवून कंपने मोजण्याची रीत रुळली. पण वायरी, माणसे, वाहतुकीची अडवणूक, हा खटाटोप मोठ्या पुलांनाच परवडतो.

२००४ मध्ये तैवानच्या यांग आणि सहकाऱ्यांनी प्रश्नच उलटा केला: संवेदक पुलावर कशाला, गाडीत ठेवा. गाडी पुलाला हलवते आणि हललेला पूल गाडीला. त्या हादऱ्यांतून पुलाची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे तो आपल्या लयीत सेकंदाला किती वेळा थरथरतो ते, वेगळी काढता येते. ताठरपणा घटला की ती उतरते. पुढच्याच वर्षी ट्रकमागे छोटी गाडी ओढून त्यांनी हे खऱ्या पुलावर करून पाहिले. अडचण खड्ड्यांची आणि गाडीच्या स्वतःच्या स्प्रिंगांची. त्यांचा गोंगाट पुलाची क्षीण थरथर बुडवून टाकतो. म्हणून गाडी हळू चालवायची, किंवा एकाच जागेवरून गेलेल्या दोन चाकांच्या नोंदी वजा करायच्या, म्हणजे रस्त्याचा खडबडीतपणा बराचसा कटतो. तिसरा मार्ग म्हणजे पुष्कळ फेऱ्या. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोल्डन गेट पुलाची कंपने गाड्यांतल्या साध्या मोबाईलनी अशीच टिपली.

तारेला गंज नुकताच धरला असेल तर वारंवारता फारशी हलत नाही, आणि उन्हातान्हानेही ती बदलते. तेव्हा मांडवीचे दुखणे या पद्धतीने वेळीच कळले असते, असे मी म्हणणार नाही. पण खाड्यांवरच्या लहान पुलांकडे आज कोण बघते? कदंब या गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाच्या बसगाड्या वर्षानुवर्षे त्यांवरून जात आहेत. संवेदक बसवायचे तर आधी या बसगाड्यांतच बसवावेत आणि पूल धड असतानाच नोंदी सुरू कराव्यात.